खालचा आवाज

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

चि. उर्वी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सवयीने तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं आणि मग खोडलं. कागद बदलला नाही. खोडलेलं दिसेल, दिसू दे.

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. राग आला की माझा आवाज बसतो आणि समोरच्याला वाटतं, हिला पटलं. म्हणून लिहिते आहे. पानांचे फोटो काढून पाठवीन.

नंदूला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. दिवाळीत आम्ही आकाशकंदील लावला नाही, संक्रांतीला तिळगूळ केला नाही. टीव्हीवर गाणं लागलं तर हे पटकन आवाज बंद करतात. मुलगा गेला तेव्हापासून, म्हणजे जूनपासून, आप्पांनी टाळांना हात लावलेला नाही. आणि तिकडे माझ्या भावाच्या बँडला त्यांचा पहिला अल्बम मार्चमध्ये बाजारात आणायचा आहे. नंदूचा आवाज त्यात ठेवायचा तर त्याची बायको म्हणून तुझी सही लागते, तीही फेब्रुवारी संपायच्या आत, आणि आप्पांनी हो म्हटल्याशिवाय तू ती करणार नाहीस, असं तू कळवलंस. आप्पांचा मान ठेवलास, बरं वाटलं. पण त्यांना विचारण्याआधी मी स्वतः ऐकायचं ठरवलं.

शाळा सुटल्यावर ऑफिसचं दार लावून घेतलं आणि संगणकाच्या सरांचा हेडफोन लावून तू पाठवलेली सगळी गाणी ऐकली. शब्द सगळे कळले नाहीत. रस्ते, आगगाड्या, कुणीतरी कुणाला सोडून गेलेलं, बहुतेक घोडेही असावेत. मी नंदूला एकदा विचारलं होतं, की इंग्लंडच्या माणसांनी अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी कशाला गायची. तो म्हणाला होता, अक्का, सोलापुरात कोल्हापुरी मिसळ विकतातच की.

पण उर्वी, माझा भाऊ त्यात आहे कुठे? कधी ती मार्था गाते, कधी तो गॅरेथ गातो. नंदूचा आवाज मी ओळखणार नाही का? जाड, कायम सर्दी झाल्यासारखा. त्याने म्हटलेलं एक गाणं मला सापडलं नाही. अल्बमवरच्या फोटोत मात्र तो आहे. फाटकाला टेकून, अगदी कडेला, डोक्यावर ती हॅट. म्हणजे होता तोवर त्याला गाऊ दिलं नाही, आणि आता गेलेल्या माणसाचा चेहरा लावून लोकांकडून हळहळ गोळा करायची. तेही त्याचं वर्ष व्हायच्या आत. आपल्याकडे परक्याच्या घरीही मयत झाली तर गल्लीतला बँडबाजा थांबतो.

सही करू नकोस. त्याचा फोटो आणि नाव दोन्ही काढायला सांग. आप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही आणि असलं काही त्यांच्या कानावर घालायची माझी इच्छाही नाही.

संस्कृतीचा खोकला गेला का? शेंगाचटणी कुरिअरने पाठवली आहे, या वेळी तिखट कमी आहे. पोरीला सांभाळ, स्वतःही जेवत जा. मी रागावले आहे, पण तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.

तुझी,
रुक्मिणीअक्का

•

शेफील्ड,
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात रडले. दुसऱ्या वाचनात मलाही राग आला, तो या पत्रात दिसेल. लहान आहे म्हणून सोडून द्या.

अक्का, तो प्रत्येक गाण्यात आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही गाणं पुढे नेणारा आवाज शोधलात, म्हणून तो सापडला नाही. ही माणसं एकाच वेळी तिघं गातात, शब्द एकच, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. मार्था चाल म्हणते, गॅरेथ तिच्या वर असतो आणि आपला माणूस खाली. खाली राहणं हेच त्याचं काम होतं. लग्नानंतर मलाही दोन वर्षं ते कळलं नव्हतं. दर बुधवारी मार्थाच्या स्वयंपाकघरात तिघं कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ उभे राहायचे, आणि मी बाजूला बसून विचार करायचे, की हा बाबा नेमका म्हणतोय काय. कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान मोडून हा माणूस हसत घरी यायचा तो फक्त बुधवारी.

त्याला कुणी गाऊ दिलं नाही असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी त्याला बारा वर्षं गाऊ दिलं. अकरा गाणी पूर्ण करायला त्यांना इतका वेळ लागला, कारण तिघंही नोकरी करणारे. फोटोत कडेला उभा राहिला तो स्वतःच्या हट्टाने. आणि तो दर रविवारी तुम्हाला फोन करायचा, तेव्हा कितीदा तरी सांगायचा की काल कार्यक्रम होता. मी शेजारीच असायचे. तुम्ही विचारायचात, नोकरी कशी आहे, घराचे हप्ते किती राहिले, आप्पांशी बोलतोस का. काय गातोस, असं बार्शी-सोलापुरातल्या एका माणसाने त्याला कधी विचारलं नाही. राग करायचा तर मीही करू शकते.

घरचे नको म्हणाले तर आवाज आणि फोटो काढू, असं गॅरेथनेच सांगितलं आहे. त्याच्या जागी दुसरा एक जण गाईल, तो माणूसही ठरला आहे. मी त्यांच्याकडून एकच गाणं दोन प्रकारे मागवून घेतलं. एक जसं आहे तसं आणि एक नंदूचा आवाज काढून टाकलेलं. दोन्ही पाठवते आहे. आधी काढलेलं ऐका. मग जे वाटेल ते लिहा, मी ऐकेन.

चटणी पोहोचली. तिखट कमी नाही, संस्कृतीने पाण्याचा तांब्या संपवला. खोकला गेला. आप्पांना नमस्कार. माझं बोलणं जड वाटलं तर थोडं पोटात घाला, आणि पोटात जागा उरली तर प्रेमही तिथेच असू द्या.

आपली,
उर्वी

•

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बोलणं जड वाटलं. खरं होतं म्हणून जास्तच जड वाटलं. मी त्याला विचारलं नाही. 

काल दुपारी हे बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात मोबाइल लावला. तू सांगितलंस तसं आधी त्याला काढलेलं गाणं ऐकलं. चांगलं होतं. चांगलं, पण टाचा उचलून चालणाऱ्या माणसासारखं. मग दुसरं लावलं. तो दुसऱ्या ओळीवर आला. उर्वी, मी भाकरी थापत होते. हात परातीतच राहिले आणि तव्यावरची भाकरी जळाली. तोच जाडसर आवाज. दोघांच्या खाली, बिलकुल पुढे न येता, सगळं धरून बसलेला. पहिल्या वेळी हा मला ऐकू आला नाही, याचं अजून नवल वाटतं.

आप्पा बाहेरच्या खोलीत होते. जळल्याचा वास आला म्हणून दाराशी आले आणि तिथेच उभे राहिले. गाणं संपलं. मग म्हणाले, ह्यो बार्शीला बी असंच करायचा.

मग मला सगळं आठवलं. तुला हे त्याने कधी सांगितलं नसणार. बार्शीला आप्पांचं भजनी मंडळ होतं. आप्पा पेटीवर, चाल तेच सांगायचे, बाकीच्यांनी मागे धृपद धरायचं. आपल्यात धृपद म्हणजे सगळ्यांचा एक सूर, एकाने जरी वेगळा लावला तरी तो चुकला. नंदू तेव्हा आठवीत असेल. तो सगळ्यांबरोबर सुरू करायचा आणि हळूच खाली उतरायचा, आणि तिथेच राहायचा. आप्पांनी त्याला दोन-तीनदा दटावलं. एका एकादशीला भरल्या मंडपात पेटी थांबवून म्हणाले, की ह्या बेसुऱ्याला उचला आणि चपला राखायला बसवा. लोक हसले. नंदू उठला आणि खरोखरच चपलांपाशी जाऊन बसला. त्यानंतर आमच्या घरात तो कधी गायला नाही. आम्ही सगळे त्याला बेसुऱ्या म्हणायचो, मीसुद्धा लाडाने म्हणायचे. त्याला सूर कळत नाही असं मी आजवर खरंच समजत होते.

मी आप्पांना आयुष्यात उलट बोललेले नाही. काल बोलले. म्हटलं, ज्याच्यासाठी तुम्ही पोराला चपलांत बसवलं, त्याच्यासाठी परक्या देशातल्या माणसांनी त्याला बारा वर्षं जवळ उभं केलं. म्हटलं, तो इतका लांब गेला तो नोकरीसाठी गेला असं मी समजत होते. माझा आवाज बसला नाही. शेजारच्या रत्नम्मा भिंतीपलीकडून विचारायला आल्या, की काय झालं.

आप्पा म्हणाले, धृपदात एक जण खाली गेला तर भजन मोडतंय, मी काय चुकीचं केलं न्हाय. त्यांना वाईट वाटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्यांना मंडळाची चिंता. म्हणाले, सही न्हाय करायची, लोक म्हणतील ह्याच्या पोराला आपल्यात गाता आलं न्हाय आन गोऱ्यांत जाऊन गायला.

तेव्हा तुला हवा होता तो होकार मिळणार नाही. मी त्यांना जेवायला वाढते, गोळ्या देते, पण बोलत नाही. नंदूवरही राग आहे. माझ्यापुढे तरी एकदा म्हणून दाखवायचं होतं. आता कुणाशी भांडू?

तुझ्यावरचा राग गेला. त्या जागी दुसरे आले आहेत. तू मात्र माझ्याशी भांडत राहा, त्याने बरं वाटतं.

तुझी,
अक्का

•

शेफील्ड,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कांस,
सा. न. वि. वि.

त्याने मला हे कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं, की हे खालचं गाणं तू कुठे शिकलास, तर म्हणाला, देवळात. मला वाटलं थट्टा करतोय.

अक्का, मी सही करणार नाही असं ठरवते आहे. आप्पांचा नकार डोक्यावर घेऊन मला पुढे जाता येणार नाही. पोरीला घेऊन तिथे यायचं तर कुठल्या तोंडाने यायचं? गॅरेथ रोज फोन करतो. जोर करत नाही, फक्त विचारतो, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. काल मी त्याच्यावरही ओरडले. तो बिचारा म्हणाला, नवीन माणूस चांगला गातो, पण आम्ही दोघं त्याच्याकडे बघून गाऊ शकत नाही.

एकच गोष्ट मला झोपू देत नाही. संस्कृती ही गाणी दिवसभर म्हणते, आंघोळ करताना, दप्तर भरताना. पण चाल म्हणत नाही. ती फक्त बाबाचं खालचं म्हणते, कारण घरात तो सराव करायचा तेव्हा एकटा तेवढंच म्हणायचा. तिच्या लेखी तेच गाणं आहे. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या की याला काही चालच नाही, तू चुकीचं गातेस, तर तिने त्यांना सांगितलं, थांबा, रेकॉर्ड येऊ दे, मग बघा. आता ती रेकॉर्ड येईल आणि त्यात तिच्या बाबाच्या जागी दुसरा कुणी असेल. हे तिला कसं सांगायचं तेवढं कळवा. बाकी काही मागत नाही.

आप्पांना नमस्कार सांगावासा वाटत नाही, तरी सांगा. तुम्ही मात्र आहात तशाच राहा.

आपली,
उर्वी

•

सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. उर्वी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर धुमसत होते. पोरीला काय सांगायचं म्हणून विचारतेस. काही सांगायचं नाही. तिला चुकीचं गातेस म्हणणारा पुन्हा आपल्या घरातला कुणी निघू नये, एवढं मी बघेन.

रविवारी बार्शीहून मंडळाची चौघं आप्पांना भेटायला आली. सगळे आता सत्तरीच्या पुढचे. शिवलिंगप्पा मृदंगवालेही होते. एका कानाने ऐकू येत नाही, पण दुसऱ्या कानाने दोघांचं ऐकतात. नेहमीप्रमाणे नंदूचा विषय निघाला. सगळे हळहळले, पोरगं गुणी होतं म्हणाले. मग एक जण म्हणाला, देवानं सगळं दिलं त्याला, गळा तेवढा दिला न्हाय, आणि जुन्या सवयीने थोडं हसला. आप्पाही मान हलवत होते.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. दुखवट्याच्या घरात गाणं लावू नये हे मला माहीत आहे. मी लावलं. मोबाइल मधोमध ठेवला आणि आवाज पूर्ण केला. हे दारातून मला खुणा करत होते, मी पाहिलं नाही. आप्पा उठायला लागले, तर म्हटलं, बसा, तुमच्या मंडळापुढेच ऐका. चार माणसांसमोर त्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले असेन.

कुणाला शब्द कळत नव्हते. पण आयुष्यभर गायलेली माणसं ती, कान कुठे जातात. शिवलिंगप्पा चांगला कान पुढे करून वाकले. बोटं मांडीवर चालायला लागली. संपल्यावर मला विचारलं, की ही बाई म्हणतीया, ह्यो वरचा गडी म्हणतोय, त्ये समजलं, पण ह्या दोघांला खालनं धरलंय त्यो कोण हाय? त्यो सुटला तर दोगं बी पडत्याल.

मी म्हटलं, आप्पांना विचारा.

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा मोबाइलकडे बघत होते. मला वाटलं, उठून जातील. मग म्हणाले, आमचा नंदू हाय त्यो.

 जो हसला होता त्याने मान खाली घातली. चहा तसाच राहिला. आप्पा अजून चुकलो म्हणालेले नाहीत आणि सही कर असंही म्हणालेले नाहीत. मी त्यांना माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही.

पण त्यांचा होकार आता मला नको आहे, आणि तुलाही नको. नंदूची बायको तू आहेस. वर्षाच्या आत गाणी आली म्हणून कुणी बोललं तर त्याला उत्तर द्यायला मी इथे बसले आहे. बार्शीपर्यंतच्या सगळ्यांना देईन. गॅरेथला माझी एकच अट सांग. नाव पूर्ण लिहायचं, नंदकुमार, आणि त्या दोघांच्या ओळीत लिहायचं, खाली बारीक अक्षरांत आभार वगैरे मानायचे नाहीत.

सही कर.

पोरीला माझा पापा. राग, लोभ जे काही माझ्याकडे आहे, ते आता सगळं तुमच्या दोघींच्या बाजूने आहे, असं समज.

तुझी,
अक्का