फक्त जोडप्यांसाठी

सोमवार, ९ जानेवारी १९८९

पोचलो एकदाचे! जिंतूरला नामांतराचा बंद होता, एस.टी. तिथंच अडकून पडली, अंग नुसतं आंबून गेलं. पण येलदरी धरणाचं पाणी दिसलं आणि हे असे खूश झाले, जणू समुद्रच विकत घेतलाय.

बेट निवडायचं महाभारत आमच्याकडे महिनाभर चाललं होतं. यांनी अंदमान, लक्षद्वीप, गोवा अशी रंगीत पत्रकं मागवून पलंगावर पत्त्यांसारखी मांडली होती. पाण्यावरच्या झोपड्या, नारळ, दोघांपुरता झोपाळा, मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण. कॉलेजातल्या मास्तराला त्यातलं पत्रकच तेवढं परवडणार होतं. शेवटी मी बोट ठेवलं ते परभणीच्याच दिनकरराव हॉटेलवाल्यांच्या कागदावर. धरणाच्या पाण्यातलं आलिशान बेट, फक्त जोडप्यांसाठी. हे म्हणाले, झालं तर मग, अंदमानला कळवून टाकतो की आमची वाट बघू नका.

बाळ पोटातच, सातव्या महिन्यात गेलं, त्याला वर्ष होईल. तेव्हापासून मी बधिर आहे. जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. मला हसवायचं म्हणून यांचा हा खटाटोप. आणि खरंच हसले की मी! दिनकररावांनी कोकणातून ट्रकनं नारळाची झाडं आणून लावलीत, आणि आमच्या हवेत सगळ्यांनी माना टाकल्यात. यांनी एकेकाला हात जोडून तब्येत विचारली. पोट धरून हसले.

होडीवाल्या मुंजाजीचं तंत्र औरच. जोडपं आलं की जोडपंच परत नेणार, एकट्या पाहुण्याला होडीत घेत नाही. शिवाय परत जाताना पुरुषमाणसानं होडीत पाय ठेवण्याआधी स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. बाईमाणसाचं चालत न्हाई म्हणाला, रिवाज हाय. आणि नाही सांगितलं तर, असं यांनी विचारलं. तर हितंच ऱ्हायचं, असं तो अजिबात न हसता म्हणाला. मला म्हणाला, बाई, पाण्याकडं तोंड करून हाक मारायची तर नाव घेऊन मारा, नुसतं अहो म्हणलं की कुनीबी ओ देतंय.

आता हे काय नवीन! नवऱ्याचं नाव ओठावर आणलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं लहानपणापासून घोकून घेतलंय. हळदीकुंकवात उखाण्याची पाळी आली की मी पाणी प्यायला म्हणून आत सटकते. आणि या बेटावर यांचं नाव माहीत तरी कुणाला आहे? मुंजाजीचे ते मालक, स्वयंपाकाच्या सुलाबाईंचे साहेब. मुंजाजी आता शुक्रवारी, भोगीला न्यायला येईल.

मंगळवार, १० जानेवारी

दिवसभर झोपाळा. बेटावर आम्ही दोघं आणि सुलाबाई, एवढेच. रात्री गुलाबी मेणबत्तीच्या उजेडात ठेचा-भाकरी. मी आतून अहो म्हटलं की हे घसा खाकरून मग ओ देतात, वर्गात हजेरी दिल्यासारखे. इतके दिवस चिडायचे मी त्यावर, आज गंमत वाटली. यांच्यावर माझा किती जीव आहे, हे मी वर्षभर विसरूनच गेले होते.

बुधवार, ११ जानेवारी

सकाळी दाट धुकं होतं. हे मूळचे गंगाखेडचे, गोदावरीत पोहत वाढलेले, थंडीतही पाण्यात उतरलेच. मी पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी होते. बराच वेळ झाला. काहीच दिसेना. जीव घाबरा झाला आणि मी हाक मारली, अहो.

दोन ओ आले. एक लांबून, घसा खाकरून. दुसरा अगदी पायरीशी. मला वाटलं, पाण्यावर आवाज घुमला. पायरीशी होते ते वर आले. मी टॉवेल दिला. तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला.

दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसलेत. सुलाबाईंनी विचारलं, साहेब लय गप गप हायेत, सर्दी झाली का. सर्दी झाली, एवढंच म्हणाले. मी विचारलं, बरं वाटत नाही का. बरं वाटत नाही, म्हणाले. माझेच शब्द मला परत मिळतात.

त्यांच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. पण इथले पहिले दोन दिवस सोडले, तर मला वर्षभर कशानंच काही वाटलेलं नाही. मग त्यांना बोल कसा लावायचा?

गुरुवार, १२ जानेवारी. सकाळ

गादी उन्हात टाकली, तरी ओली. तो झोपतो ती बाजू.

चहा झाला म्हणून अहो म्हटलं. ओसरीवरून ओ आला. आणि मागून, पाण्यातून, घसा खाकरून ओ. दमलेला. लांबचा.

मी चहा गाळला. सांडला नाही. हात कापत नाही माझा. कापायला हवा होता.

दुपार

उद्या मुंजाजी नाव विचारणार. याला ते माहीत नाही. इथं कुणी उच्चारलेलंच नाही. म्हणजे हा इथंच राहील.

पण हे पाण्यात आहेत. थंडीत. मी अहो म्हणते आणि हा मध्ये येतो. यांना यांच्या नावानंच बोलवायला हवं.

आई म्हणते आयुष्य कमी होतं. होऊ दे. जेवढं उरेल तेवढं घरी घेऊन जाईन.

संध्याकाळ

तो आत बसला होता. बाहेरून कडी लावली. पायऱ्यांवर गेले. पाण्याकडे तोंड केलं. मग —

काशीनाथ.

जन्मात पहिल्यांदा. पुन्हा म्हटलं, काशीनाथ. आणि पाण्यातून आलं, खाकरून, ओ, सुमे, आलो. मी रडले. वर्षानं रडले. सगळं एकदम वाटायला लागलं, भीतीसुद्धा, आनंदसुद्धा. पाण्यात हात दिसला, यांचा —

मागे ओली पावलं वाजली. कडी तशीच होती, नंतर पाहिली.

काशीनाथ, तो म्हणाला. हळू. चव घेतल्यासारखं. पुन्हा एकदा म्हणाला. या वेळी बरोबर.

हात दिसेना. मी हाका मारल्या. काशीनाथ, काशीनाथ, घसा फाटेपर्यंत. पाणी गप्प. प्रत्येक हाकेला ओ येतो तो मागून.

आणि आता तो आधी घसा खाकरतो.

शुक्रवार. भोगी

होडी लागली. मी पायरीवर बसलेय. परत बधिर. पेन्सिल तेवढी चालतेय.

मुंजाजीला सांगितलं, हे माझे नव्हेत. तो म्हणाला, बाईमाणसाचं चालत न्हाई, मालकालाच सांगू द्या.

विचारलं त्यानं. मालक, नाव काय तुमचं —

तो माझ्याकडे बघून हसला. घसा खाकरला आणि