तुझी स्वयंपाकघरातली तमिळ

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. पण गेल्या वर्षभरात तो पुन्हा पुन्हा ऐकू आला, आणि तोही तमिळमध्ये. म्हणून हे लिहायला बसले.

मी आता अमरावतीला असते, शाळेत शिकवते. राजापेठेतून घरी येताना एक छोटं इडली-डोशाचं हॉटेल लागतं. मदुराईकडचं एक तरुण जोडपं ते चालवतं. तो काउंटरवर असतो आणि गिऱ्हाइकांशी मोडक्या हिंदीत निभावून नेतो. ती मागे, स्वयंपाकघरात. लग्न होऊन नुकतीच आलेली, तमिळखेरीज एक शब्द येत नसलेली. एके दिवशी मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते आणि आतून तिचा आवाज आला. इथे माझ्याशी बोलायला कोणी नाही, मला गावी सोडून ये, असं ती नवऱ्याला सांगत होती. भोवती सगळे खात होते, कुणाला काही कळत नव्हतं. मला मात्र शब्द न् शब्द कळला, आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "कोंजम चटणी कुडुंग." थोडी चटणी द्या, एवढंच. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. ती पळी हातात तशीच धरून दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग एका दमात तिनं इतकं विचारलं की मला निम्मंही समजेना. कुठल्या तुम्ही, लग्न कुठे झालं, आमच्याकडच्या आहात का?

नाही गं, म्हटलं, इथलीच. माझी आई तिवशाची.

तुझी तमिळ बोलते मी, आई. तू ळ चा य करायचीस, डोया, काया, सांभायलं. तमिळ शिकलीस तेव्हा तिच्यातल्या ळ चाही तू य केलास. केळ्याला, वाळैपळमला, तू वायपयम म्हणायचीस आणि बाबांच्या नोकरीपायी आपण तमिळ मुलखात राहायचो तिथली शेजारची अम्मा पोट धरून हसायची. मीही तसंच म्हणते. ते ऐकून हा हॉटेलवाला म्हणाला, "मॅडम, असं तर चेन्नईच्या गल्लीत बोलतात. तिथे राहिलात का?" मी सांगितलं, हे चेन्नईचं नाही, वऱ्हाडातलं आहे. त्याची बायको इतकी हसली की डोळे पुसायला तिनं पदर घेतला.

तमिळ मुलखातून आपण अकोल्याला परत आलो ते दिवस मला लख्ख आठवतात. बाबांची रेल्वेची बदली झाली होती, मी दहा वर्षांची होते. शाळेत मुली मला मद्राशीण म्हणायला लागल्या आणि मी घरात तमिळ बोलणं बंद केलं. तू डोशाचं पीठ तव्यावर फिरवते आहेस, मला तमिळमध्ये पाणी मागते आहेस, आणि मी मुद्दाम मराठीत विचारते, काय हवंय? तू गॅस बारीक केलास. "ज्या बोलीनं परक्या गावात आपल्याले सांभायलं, तिची लाज काहून वाटते वं तुले?" मी पाण्याचा तांब्या तुझ्यापुढे ठेवला. "भाईर नको बोलू. पन या चुलीपाशी बोलाचं." मग तू सांगितलंस, पहिल्यांदाच. मी तान्ही होते, तापानं फणफणले होते, बाबा ड्युटीवर, आणि तुला डॉक्टर कुठे हे विचारायलाही शब्द नव्हता. तू मला घेऊन दारात नुसती रडत उभी होतीस. शेजारच्या अम्मानं मला तुझ्या हातातून घेतलं, रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात दिवसभर तुझ्याजवळ बसून राहिली. ती काय बोलत होती ते तुला कळत नव्हतं. पण एकच गोष्ट ती सारखी म्हणत होती, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे तीच तू शिकलेली पहिली तमिळ. बयप्पडादे, नान इरुक्केन. भिऊ नको, मी आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत आपलं तमिळ चालायचं. बाबा भाकरी खाता खाता हसायचे.

पावसाळा संपता संपता एका सकाळी शाळेत मला हॉटेलातल्या त्या मुलीचा फोन आला. नुसतं रडणं आणि मधूनच "अक्का, अक्का". नवऱ्याचं पोट असह्य दुखत होतं. बाजूच्या दुकानदारांनी त्याला दवाखान्यात पोचवलं होतं आणि ते आपापल्या कामाला परतले होते. मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. ती दवाखान्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, अंगावर तीच पिठाचे डाग पडलेली साडी. मी तिला तमिळमध्ये हाक मारली ती ऐकून नर्स म्हणाली, "बाई, तुमाले येते ना इची भाषा? मंग सांगा ना इले काही. नुसती रडून राहिली, पानीबी पेऊन नाई राहिली." डॉक्टरांनी मला समजावलं. अपेंडिक्स सुजलं आहे, आजच काढायला हवं, थांबलं तर आत फुटेल. पण त्यांनी फुटेल हे तिला हातवारे करून दाखवलं होतं, आणि नवरा आता वाचत नाही असा अर्थ तिनं त्यातून काढला होता.

आई, तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझी तमिळ दहा वर्षांच्या मुलीची आहे. तीत भूक आहे, भांडण आहे, खेळ आहे. अपेंडिक्स नाही, ऑपरेशन नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, पोटात एक छोटं बोट असतं. ते काही कामाचं नसतं. याचं ते बोट सुजलंय. डॉक्टर ते कापून टाकतील आणि पोट शिवतील. ती रडायची थांबली. "पोटात बोट?" म्हणाली. मी माझी करंगळी दाखवली. ती त्या करंगळीकडे बघत राहिली आणि मग आम्ही दोघी, त्या तसल्या जागी, हसलो. नर्स वळून बघायला लागली. मग तिनं पाणी घेतलं, सही केली. त्याला आत नेलं तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, बयप्पडादे, नान इरुक्केन. माझ्या दुखण्याखुपण्यात तू हेच म्हणायचीस. मला वाटायचं, हे सगळ्याच आया म्हणतात.

तो बरा झाला. हॉटेल काही दिवस बंद होतं, मग सासरहून दीर आला आणि सुरू झालं. गावी जायचं तिनं पुन्हा काढलं नाही. ती नर्स अधूनमधून डोसा खायला येते, आणि तिच्याकडून आणि माझ्याकडून ही पोरगी मराठी शिकते आहे. खरं तर वऱ्हाडीच. परवा काउंटरवर तीच उभी होती. अचलपूरहून आलेल्या दोन बायकांना म्हणाली, "बसा ना जी. काय पायजे तुमाले?" त्या बायका बसल्या, ऑर्डर दिली आणि आपसात बोलायला लागल्या, काही विशेष घडलंच नाही असं. मला केवढा आनंद झाला ते कुणाला सांगू?

तुझे आभार मानावे असं कधी सुचलंच नव्हतं. चुलीपाशी आपण काही शिकवतो आहोत असं तुझ्याही मनात नसेल. तू फक्त शेजारच्या त्या अम्माशी बोलणं चालू ठेवलं होतंस, ती इतकी लांब राहिली तरी.

हे पत्र कुठे पाठवणार? कपाटात साड्यांखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, अक्का, तुमची अम्मा कुठे असते, तिला एकदा जेवायला आणा. आणि मी म्हणाले, अकोल्याला असते, आणीन. तमिळमध्ये बोलताना ते खरंच वाटलं. अजून मी तिला खरं सांगितलेलं नाही.