अथेनेच्या गालावरची चामखीळ

आदरणीय हर्मोगेनेसदादांस, आपामेयाहून त्रोफिमोसचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यासाठी रोज देवापुढे धूप जाळतो (कधीमधी राहून जातो, पण देव मला ओळखून आहे). वहिनींचा खोकला, खेचराचा पाय आणि तुमचा संगमरवराचा धंदा, तिन्ही आता सुधारले असतील. इकडे मी अगदी मजेत आहे. तातिया माहेरी भावाकडे द्राक्षतोडणीला गेली आहे असं मी शेजाऱ्यांना सांगतो आणि शेजारी तोंडाला पदर लावून हसतात. तुमच्या बहिणीनं तिची बाजू तुम्हाला सांगितली असेलच. आता माझीही ऐका.

आमचे नगरप्रमुख मेत्रोदोरोस (यांचं नाव नाण्यावर घालायचं म्हणजे देवीला अंग चोरून बसावं लागतं) यांनी नवं मोठं तांब्याचं नाणं काढायचं ठरवलं आणि ठसा कोरायचं काम मला दिलं. प्रसंग आपल्याच ओढ्याकाठचा. अथेना जोडपावा वाजवतेय, पाण्यात तिला स्वतःचे फुगलेले गाल दिसतात, आता ती पावा फेकणार, आणि तो उचलायला आपला रानदेव मार्स्यास खडकाआड टपून बसलाय. गावातलं शेंबडं पोरही ही गोष्ट सांगेल. पण हुकूम असा की गाल चांगले फुगलेले हवेत आणि देवी देवीसारखीच दिसायला हवी. अहो, असा चेहरा आणायचा कुठून? मी डोकं खाजवत घरभर हिंडत होतो, तर तातिया चुलीपुढे बसून फुंकणी फुंकत होती. ओली लाकडं, डोळ्यांतून धारा, आणि गाल टम्म! मी धावत जाऊन मेण आणलं आणि तिच्यासमोर बसून चेहरा घडवला. दादा, इतकं सुरेख काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

तिच्या डाव्या गालावरची चामखीळ मात्र सोडवेना. ती काढली की चेहऱ्यातली सगळी जानच जायची. मग मी शक्कल लढवली. कोणी ओळखू नये म्हणून ठशात ती उजव्या गालावर कोरली. जन्मभर अक्षरं उलटी कोरण्यात घालवलेला मी, चामखिळीपाशी नेमका विसरलो की ठशातलं उजवं नाण्यावर डावं होतं! मासेवाल्या अम्मियानं पहिलंच नाणं डोळ्यांपुढे धरलं आणि सगळा बाजार गोळा केला, "अगं बाई, ही तर आपली तातिया! पेटली का गं चूल?" तेव्हापासून गावातले पावेवाले तिला वाटेत थांबवून नमस्कार करू लागले.

मला वाटलं, गालांवरून भांडेल. (उत्तर तयार होतं: देवी झालीस, आणखी काय हवं?) पण ती म्हणाली, "धुरानं माझा जीव चालला होता, आणि तू मेण घेऊन बघत बसलास! हातातली फुंकणी घ्यावी असं नाही वाटलं?" ती शाल घेऊन तुमच्या दगडवाल्या गाडीत बसली.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा मेहुणा,
त्रोफिमोस

ता. क. मेत्रोदोरोस नाण्यावर खूष आहेत. त्यांची बायको मात्र रुसली आहे. देवीला तिचा चेहरा का नाही दिला म्हणते.

ता. क. हल्ली चूल मीच फुंकतो. काल हंड्यातल्या पाण्यात माझं तोंड दिसलं आणि मी फुंकणी भिंतीवर भिरकावली. देवीचं काही चुकलं नव्हतं. वर 'मजेत' लिहिलंय ते खोडून दुसरं लिहायला जागा नाही, पण मसूर कच्चेच खातोय आणि घर खायला उठतं.

आणखी एक ता. क. दादा, हे तिला वाचून दाखवा, म्हणजे ती दाराआड उभी असेलच, फक्त मोठ्यानं वाचा. तातिये, तो ठसा हातोडीखाली फुटला. नवा कोरतोय. तुझा चेहरा तोच राहील, पण मार्स्यासचा अजून कोरा ठेवलाय. बाई धुरात रडत असताना आडून बघत बसणारा तो मेला, त्याला माझंच तोंड शोभेल. मेणाचा गोळा मऊ करून ठेवलाय. तूच येऊन घडव, आणि चामखीळ वाटेल त्या गालावर दे. लाकडं वाळवली आहेत. चूल मी पेटवतो.