लाइन कोणी थांबवली

शनिवार, ७ जून. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. विद्यापीठातल्या लीडरशिप कोर्सच्या डॉ. वाणी मॅडम म्हणतात, डायरीने स्वतःशी खरं बोलायची सवय लागते. मला ती आहेच. तरी लिहीन.
वय सत्तेचाळीस. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात डेप्युटी मॅनेजर, हाताखाली साठ माणसं. म्हणजे लीडर आहेच, सर्टिफिकेट तेवढं राहिलंय.

त्याच दिवशी, दुपारी
असाइनमेंट : 'माझ्या नेतृत्वाचा एक क्षण'. बाकीचे डोकं खाजवत होते. माझ्याकडे इतके क्षण आहेत की निवडणं अवघड.

रविवार, ८ जून. संध्याकाळी ६
सकाळपासून निवडतोय.

६.४०
सापडला! मार्चमधला. असेंब्ली लाइनवर कनका नावाची कंत्राटी कामगार चक्कर येऊन पडली, बाही कन्व्हेयरमध्ये अडकली. लाल बटण दाबून लाइन थांबवली म्हणून हात वाचला.
बटण दाबलं आमच्या फिटरने, शेषगिरीने. पण शेषगिरी माझ्याच टीमचा. म्हणून 'आम्ही बटण दाबलं' असं लिहिलं. वाचताना विचित्र वाटलं. एका बटणावर किती बोटं मावणार? 'आम्ही'चं 'मी' केलं.

बुधवार, ११ जून
अलकनंदाला निबंध वाचून दाखवला. बायको म्हणून कौतुक अपेक्षित होतं. ती म्हणाली, त्या दिवशी घरी येऊन तुम्ही शेषगिरीच्याच नावाने ओरडत होतात, चाळीस मिनिटं लाइन बंद पाडली म्हणून. परवानगीशिवाय थांबवली असा मेमोही तुम्हीच दिलात ना?
मी सांगितलं, ते ॲडमिनिस्ट्रेशन. हे लीडरशिप. दोन वेगळे विषय आहेत.
तिने मिक्सर सुरू केला.

शनिवार, १४ जून
मॅडमनी माझा निबंध वर्गात वाचला. आवाज भरून आला त्यांचा. मीही भारावलो.
मग त्या म्हणाल्या, त्या दिवशी तिथे असलेल्या कुणाला तरी पुढच्या शनिवारी घेऊन या, त्याच्या नजरेतून लीडर कसा दिसतो ते ऐकू. मी ताबडतोब हो म्हटलं. निर्णयक्षमता. त्यांनी नाव विचारलं, तर तोंडातून शेषगिरीच निघालं.
अड्यारच्या बस स्टॉपवर येईपर्यंत शर्ट भिजला होता.

मंगळवार, १७ जून
कॅन्टीनमध्ये शेषगिरीला गाठलं. तंजावरचा मराठी माणूस. घरात जुनं मराठी, सूर तमिळ. माझ्याशी आवर्जून मराठीतच बोलतो. मीही स्पष्ट बोललो : कोर्सच्या सोयीसाठी, शनिवारी वर्गात येऊन बटण सरांनी दाबलं असं सांगशील का?
त्याचा दहीभाताचा हात थांबला. मग म्हणाला, सांगतो. डबा बंद करताना विचारलं, मग मेमो कशासाठी मिळाला म्हणून सांगू?
मी म्हटलं, मेमो सिलॅबसमध्ये नाही.

४.३०
त्या मेमोमुळे त्याचं सुपरवायझरचं प्रमोशन अडलंय, असं आज एचआरमधून कळलं.
म्हणजे माहीत होतं. आज आठवलं.

शनिवार, २१ जून
शेषगिरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. बरोबर बायको, संयुक्ता. तिला विद्यापीठ बघायचं होतं. केसांत ताजा मोगरा. नवऱ्याचा सत्कार आहे असं तिला वाटलं असावं.
तो तमिळमध्ये दोनच वाक्यं बोलला. कनका पडली. सरांनी बटण दाबलं.
टाळ्या. मॅडमनी विचारलं, सरांकडून काय शिकलात?
तो म्हणाला, बटण दाबलं की पुढे काय होतं, ते.
वर्ग खूश. एकाने तर लिहून घेतलं. संयुक्ता तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी पंख्याकडे बघत बसलो.
निघताना तिने नमस्कार केला. मला.

रविवार, २२ जून
जेवण गेलं नाही. लाज वाटतेय. हेच वाक्य इंग्रजीत लिहून पाहिलं, तर जरा कमी वाटली. म्हणून मराठीतच ठेवतो.
ठरलं. उद्या आधी मेमो मागे घ्यायचा. मग शेषगिरीची माफी. मग मॅडमना खरं काय ते सांगणारी मेल.

सोमवार, २३ जून
नोट घेऊन प्लँट हेड अमरसिंह साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मेमो चुकीचा होता म्हणताय, मग दिला कोणी?
मी म्हणालो, त्या वेळच्या परिस्थितीत दिला गेला.
ते म्हणाले, मग राहू दे.
मी राहू दिला.
मॅडमची मेल आली आहे. ए प्लस. उत्तरात 'थँक यू' एवढंच लिहिलं.
संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेषगिरीने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायची खूण केली. मी फोन कानाला लावला आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलो. पूनमल्ली येईपर्यंत हो, हो, बरोबर आहे, म्हणत होतो.
फोनवर कोणी नव्हतं.