पायावर घालायला पाणी

हिमांशूदादा,

काल तुझ्या प्रचारफेरीत उस्मानपुऱ्यात बायका ओवाळणीची ताटं घेऊन दारात उभ्या होत्या, पण तुला कुणी ओवाळलं नाही. "आधी पायावर पाणी घालायची रीत आहे," भानुमतीकाकू म्हणाल्या. "नळ सोडा अन् तांब्या भरून द्या, नगरसेवक." कॅमेऱ्यांसमोर तू नळ सोडलास. नळातून नुसती हवा आली. रिकामा तांब्या धरून तू उभा, आणि गल्ली हसत होती.

सगळ्या घरांवर झेंडे आपल्याच पक्षाचे. म्हणून तर माझ्याकडे येऊन रडलास. "विरोधकांनी पढवलंय त्यांना." मी मान हलवली, तुला चहा दिला.

पढवलं मी. तुझ्या बंगल्यात टँकर रिकामा होत होता, तेव्हा मी दारोदार हिंडत होते. "आपल्याच माणसाला कसं विचारायचं गं?" काकू घाबरल्या होत्या. म्हटलं, "आपला आहे म्हणूनच विचारायचं. परक्यानं कुठं पाण्याचं वचन दिलं होतं?"

हे पत्र मी फाडणार आहे. जाताना तू म्हणालास, "मने, आता फक्त तुझ्यावर भरवसा. उद्या प्रचारात तूच पुढं चाल." चालेन ना. पुढच्या गल्लीतही ताटं तयार आहेत. शेजारी रिकामा तांब्या आहे.

तुझी भरवशाची,
मनस्विनी