सासूबाईंनी धरलेलं मनगट

मंगळवार, संध्याकाळ

टिटवाळ्याच्या प्रार्थनासभेत चर्चचे पाळक म्हणाले, देवाचं प्रेम विश्वासणाऱ्यांच्या आत राहतं. माझ्यात कुठे राहतं? घरी आले तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची चादर पुन्हा ओली. माझी कंबर आधीच मोडलेली. हिसक्याने चादर ओढायला लागले, तर त्यांनी मनगट धरलं.

“रागावलीस गं?”

“हो, आई. दमलेय.”

वाटलं, आता रडतील. तर म्हणाल्या, “मग बस जरा. ओल्यात पडून मी काही मरत नाही.”

बसले. मनगट त्यांनी सोडलंच नाही. रडले मीच. मग उठून चादर बदलली, दोघींचा चहा केला. आई रोज बुद्धवंदना म्हणतात, चर्चची पायरी कधी चढल्या नाहीत. मग आज त्यांच्यातून माझ्याकडे आलं, ते काय होतं?