डब्यावरचं आडनाव

आई,

तुमच्या भाचीसाठी भरलेला सांबारवड्यांचा आणखी एक कंटेनर आज जहाजावर चढला. बंदरातून निरोप आला तेव्हा मी बेसा भागातल्या आमच्या घरी भाजी निवडत होते. हात पुसले आणि तुम्हाला लिहायला बसले. सासूला आई म्हणायचं, हे तुम्हीच चारचौघांत मला सांगितलं होतं, म्हणून तसंच लिहिते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी ऐकायला तुम्ही हव्या होतात. ती ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता, ते मला पाहायचं होतं.

नणंदेच्या लग्नाचा आदला दिवस तुम्ही बहुतेक तेव्हाच विसरलात. मी अजून त्याच दिवसात आहे. उमरेडचं घर पाहुण्यांनी भरलंय. तुम्ही आणि तुमच्या जावा मांडवात बांगड्या भरायला बसल्या आहात, आणि स्वयंपाकघर मोकळं आहे. तोवर मला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडायची, नळावर धुवायची आणि ओट्यापर्यंत आणून ठेवायची मुभा होती. त्यापुढे तुम्ही म्हणायचात, "तू बाहेर बस वं, दमली असशीन." इतक्या गोड आवाजात म्हणायचात की तुमच्या मुलाला ती काळजीच वाटायची. माझ्या माहेरी भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि तुमच्या घरी देव्हारा. चुलीपर्यंत मी का जायचं नाही, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. त्या दिवशी मी पारी लाटली, खोबरं-खसखस घातलेलं सांबाराचं सारण भरलं, घड्या घातल्या आणि तळून ताट बाहेर पाठवलं. पाहुणे खाऊ लागले. तुमची भाची म्हणाली, "मावशी, अशी वडी तर तूनं आजवर नाही केली."

"म्या नाही केली," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. मग आवाज न चढवता जावेला सांगितलंत, "कढई घासून घे वं. तेल फेकून दे. नव्यानं करू."

भाचीच्या हातात अर्धी खाल्लेली वडी होती. ती तिनं ताटात परत ठेवली आणि पदराला बोटं पुसली. तुमचा मुलगा खांबाला दिव्यांची माळ बांधत होता, तो बांधतच राहिला.

तुम्ही गेल्यावर मी हुडकेश्वरला एक शेड घेतली आणि तीच वडी करायला लागले. आधी लग्नाच्या ऑर्डरी, मग बाहेरदेशी. गोठवलेला माल समुद्रातून पाठवायचा म्हणजे काय, हे मला शिकवायला कोणी नव्हतं. मला वाटायचं, कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज; नरम माल भरला तरी तो आत गोठेल. पण कंटेनर आधीच गोठलेल्याची थंडी फक्त राखतो. माझा पहिला माल तिकडे पोचला तेव्हा पाऱ्या फुटून सारण बर्फात कालवलं गेलं होतं. फोटो आले, ते पाहून मी जेवले नाही. मग शिकले. वडी अर्धवट तळायची, गार वाऱ्याच्या झोतात दगडासारखी कडक करायची, मगच भरायची. लोक म्हणाले, बाई जिद्दीची आहे. त्यांना काय माहीत, मी कोणावर दात ओठ खात होते ते.

डब्यावर मी माझ्या बापाचं आडनाव छापलं. विदर्भातल्या माणसाच्या कानावर ते पडलं की आमचं घर कोणत्या वस्तीतलं, हे त्याला लगेच कळतं.

गेल्या साली आमचं एकुलतं मोठं गिऱ्हाईक सुटलं. शेडवरच्या बायकांना उद्यापासून येऊ नका, असं सांगायची वेळ आली होती. नेमका तेव्हा तुमच्या भाचीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा आखातात असा माल दुकानांना पुरवतात. पूर्ण कंटेनर पाहिजे म्हणाली. मग विचारलं, "वहिनी, डब्यावरचं नाव बदलता येईन का?"

"काहून?"

"इकडं आपल्याकडचेच लोक घेतात ना. आडनाव पाहून विचारून राहिले."

"काय विचारतात?"

 "ते जाऊ द्या," ती म्हणाली. "मावशीचं नाव टाका ना. मावशीच्या हातची वडी म्हणून लवकर खपन."

"नाव तेच राहीन," मी म्हटलं. "पाहिजे तर अक्षरं मोठी करतो. माल घ्यायचा का नाही, तेवढं सांग."

फोन ठेवला. तुमचा मुलगा समोरच होता. "एवढ्यासाठी शेड बंद करशील?" मी म्हटलं, करीन. या वेळी त्याच्या हातात दिव्यांची माळ नव्हती, तरी तो पुढे काही बोलला नाही.  बऱ्याच दिवसांनी भाचीची ऑर्डर आली. अक्षरं मी खरोखर मोठी केली.

तो कंटेनर ऐन मे महिन्यात निघाला. मेहकरच्या पुढे ट्रेलरवरचा जनरेटर बंद पडला. ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, थंडीची मशीन चालूच नाही होऊन राहिली. बाहेर आग पडून राहिली." आणि आई, तुम्हाला खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की सडू दे. तुमच्या भाचीच्या दारात आंबलेला, वास मारणारा डबा उघडू दे, मग तिला बोटं पुसायला पदर पुरणार नाही. ड्रायव्हर "हॅलो, हॅलो" करत होता. मग डोळ्यांसमोर तो डबा आला आणि त्यावरचं नाव आलं. "दार बिलकुल उघडू नका," मी सांगितलं. "गाडी सावलीत घ्या." मेहकरहून मेकॅनिक पाठवला आणि जनरेटर सुरू झाल्याचा आवाज कानांनी ऐकेपर्यंत फोन सोडला नाही. आतला गारवा थोडाच उतरला होता. माल कडक राहिला.

दिवाळीत भाचीनं फोटो पाठवला. टेबलावर माझ्या नावाचा डबा, शेजारी तिची आई, तुमची धाकटी बहीण, तोंडात वडी. खाली लिहिलं होतं, चव अगदी मावशीची. मी लिहिलं, "माझी आहे. तू एकदा अर्धी खाल्ली होतीस."  तिकडून दोनच शब्द आले, "आठवते, वहिनी." माफी तिनं मागितली नाही, मीही तिला तो प्रसंग सोपा करून दिला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला अजून माहीत नाही, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. तुमच्या शेवटच्या दुखण्यात धंतोलीच्या दवाखान्यात तुम्हाला रोज तांदळाची पेज यायची. पहिल्या दिवशी तुम्ही मुलाला विचारलंत, "कोनं केली?" तो म्हणाला, "खालच्या मेसची आहे." मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही वाटी संपवलीत. पुढे दुसरं काही तुमच्या पोटात ठरत नव्हतं, तीच पेज तेवढी ठरायची. ती माझी होती, आई. तुमच्या तोंडात गेलेलं शेवटचं अन्न माझ्या हातचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही वाटी परत केली असती. आता करा.

हे पत्र तुमच्या मुलाला मी दाखवणार नाही, आणि ज्यांना लिहिलं त्यांच्यापर्यंत ते जायचं नाही. म्हणून एवढं लिहून ठेवते. दाराबाहेर उभी राहून मी रोज कान देऊन ऐकायचे, तुम्ही मिठाबद्दल काही म्हणता का. एका सकाळी तुम्ही म्हणालात, "आज पेज बरी आहे." त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात रडले, आणि संध्याकाळी पुन्हा तांदूळ भिजवले.